मोरोक्कोत खाताना: ताजीन, कुसकुस, पुदिन्याचा चहा आणि एका ताटातले नियम

रानजाई

मोरोक्कोवर लिहिताना लोक वाळवंट, निळ्या घरांचं शेफशाऊन गाव आणि गालिच्यांच्या घासाघीशीतच अडकतात. हा धागा फक्त खाण्याचा. काय मागावं, कधी मागावं, कसं खावं, आणि कुठे फसगत होते एवढंच इथे लिहू या. माहितगारांनी भर घालावी.

सुरुवात वेळेपासून करते, कारण तिथे बऱ्याचदा पदार्थ नाही, वेळ चुकते.

सकाळी साडेसात ते दहा: म्समेन (घड्या घालून चौकोनी लाटलेली, थेट आपल्या घडीच्या पोळीची आठवण करून देणारी), हर्शा (रव्याची जाड भाकरीसारखी), बगरीर (एकाच बाजूने भाजलेलं, वर जाळी पडलेलं, आंबोळी डोळ्यासमोर आणा). सोबत मध, लोणी किंवा अमलू. अमलू म्हणजे भाजलेले बदाम, आर्गनचं तेल आणि मध यांचं वाटण. थंडीत बिसारा घ्याच. फावा जातीच्या, वालासारख्या सुक्या डाळीचं हे घट्ट सूप असतं, वर ऑलिव्ह तेलाची धार आणि जिरेपूड. हे कष्टकऱ्यांचं खाणं आहे, दुपारपर्यंत पातेलं रिकामं होतं.

दुपारी साडेबारा ते तीन: दिवसाचं मुख्य जेवण. ताजीन म्हणजे शंकूसारख्या झाकणाचं मातीचं भांडं आणि त्यात मंद शिजवलेला रस्साही. ते निखाऱ्यावर व्हायला तास-दीड तास लागतो. त्यामुळे हमरस्त्यावरच्या खानावळी सकाळीच दहा-वीस ताजिनं ओळीने चढवून ठेवतात. एकच्या सुमारास पोचलात तर ताजं मिळतं, साडेतीनला गेलात तर तळाला लागलेलं. पर्यटकांच्या चौकात ऐन रात्री दहा मिनिटांत ताजीन समोर आलं, तर भाज्या केव्हाच उकडून ठेवल्या होत्या आणि मातीचं भांडं फक्त गरम केलंय असं समजा.

शुक्रवारी दुपारी कुसकुस (रव्याच्या बारीक, वाफवलेल्या गोळ्या, वर रस्सा). नमाजानंतर घरोघरी तेच. बाजारातली बरीच दुकानं तेव्हा बंद असतात. इतर दिवशी मागितलं तर बहुतेक ठिकाणी पाकिटातलं, गरम पाण्यात फुगवलेलं मिळेल.

संध्याकाळी पाच-साडेसहाला कास्क्रूट, म्हणजे चहा आणि काहीतरी पिठाचं. रात्रीचं जेवण हलकं आणि उशिरा, हरिरा सूप, पाव, उकडलेलं अंडं वगैरे.

नाचणी

शाकाहाऱ्यांचं काय? 'व्हेज ताजीन' सगळ्या मेन्यूकार्डांवर दिसतं. ते मागितलं की प्रश्न मिटतो का?

हिंगाचा खडा

@नाचणी, नाही मिटत. तिथे 'मांसाशिवाय' याचा अर्थ बहुतेकांच्या लेखी 'मांसाचे तुकडे नसलेलं' एवढाच आहे. रश्श्याचं काय, हा प्रश्न त्यांच्या मनातही येत नाही. त्यामुळे फसवलं म्हणून चिडू नका, नीट विचारा.

नेमकं कुठे काय असतं ते लिहितो.

भाज्यांचं ताजीन: बऱ्याच ठिकाणी मांसाच्या रश्श्यावर किंवा स्टॉकच्या वडीवर.

सात भाज्यांचं कुसकुस: रस्सा मांसाचाच, आणि कुसकुस त्याच्याच वाफेवर शिजतं. वरचं मांस बाजूला केलं की झालं 'शाकाहारी'. घरगुती कुसकुसात हे जवळजवळ नक्की धरा.

हरिरा: टोमॅटो, मसूर, काबुली चणे, सेलरी, कोथिंबीर. ऐकायला आपलं वाटतं, पण त्यात मांसाचे बारीक तुकडे किंवा हाडाचा रस्सा सहसा असतो.

भरलेलं म्समेन: कांदा, मिरची आणि 'शह्मा', म्हणजे जनावराची चरबी. साधं म्समेन चालेल, आत लालसर सारण दिसलं की विचारा.

निर्धास्त गोष्टी: झालूक (भाजलेलं वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं, भरताची चुलतबहीण), तक्तूका (भाजलेली ढोबळी आणि टोमॅटो), स्फेंज (मैदा, यीस्ट, पाणी, मीठ एवढंच, कढईत तळलेली कडी, सकाळी मिळते), खुब्झ (रोजचा पाव), ऑलिव्ह. जबन हे ताजं चीज प्राण्यांच्या रेनेटने विरजलेलं असू शकतं, विचारा. बिसारा, लुबिया (टोमॅटोतले पांढरे राजमे) आणि अद्स (मसूर) बहुधा चालतात, पण लुबियात कधी कधी हाड टाकतात. विचारून घ्या.

वाक्यं पाठ करा. फ्रेंचमधला 'वेजेतारियाँ' शहरात चालतो, पण दारिजा, म्हणजे तिथली बोली अरबी, थेट पोचते:

मा कनाकुल्श ल्हम: मी मांस खात नाही.
बला ल्हम, बला द्जाज, बला हूत: मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत.
बला मर्का द ल्हम: मांसाचा रस्सा नको.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पहिली दोन म्हणून थांबलात तर रस्सा येणारच. आणि लहान रियाधमध्ये (चौकाच्या जुन्या घरातलं अतिथीगृह) राहत असाल तर सकाळी नाश्त्यालाच सांगून ठेवा. स्वयंपाकीण बाजारात जायच्या आधी सांगितलं तर वेगळं पातेलं चढतं.

कोकमसरबत

जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी पुस्ती. शिजवलेल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात कांदा असतो, ताजिनात तर तळाचा थरच कांद्याचा. तेव्हा साधं म्समेन, हर्शा, बगरीर, स्फेंज, अमलू (मध चालत असेल तर), दही, खजूर, सुकामेवा, फळं यावर दिवस काढायचा. अंडं न खाणाऱ्यांनी माकूदा विचारून घ्यावा. हे बटाट्याचे वडे, पावात घालून तिखट सॉससकट मिळतात, म्हणजे वडापावच की. पण सारणात किंवा आवरणात अंडं असू शकतं. बटाट्याला तिथेही 'बताता'च म्हणतात, तेवढं विचारायला सोपं.

दर्यावर्दी

मांसाहाऱ्यांचीही एक अडचण आहे, ती कुणी लिहिली नाही. 'ल्हम' म्हणजे नुसतं मांस. ते गाईचं की मेंढीचं हे त्या शब्दातून कळत नाही, आणि गोमांस तिथे रोजचं आहे. केफ्ता (खिमा) बहुधा गोमांसाचा किंवा मिश्र असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी प्रत्येक वेळी विचारावं: 'बग्री वला गन्मी?' म्हणजे गाईचं की मेंढीचं. कोंबडी म्हणजे द्जाज. सगळं एकाच जाळीवर भाजतात, हेही लक्षात असू द्या. डुकराचं मांस सर्वसाधारण खानावळीत नसतं.

माराकेशमध्ये मेंढी खायची तर जमा अल-फ्ना या मुख्य चौकाच्या उत्तरेच्या गल्लीतली मेशवी. अख्खी मेंढी जमिनीखालच्या भट्टीत भाजतात आणि वजनावर विकतात. दोघांना अर्धा किलो पुरे होतं. सोबत मीठ आणि जिरेपूड, बाकी काही नाही. अकरा ते एकच्या दरम्यान जा, दुपार कलली की हाडं उरतात.

तंजिया हा माराकेशचाच दुसरा प्रकार. सुरईसारख्या मातीच्या भांड्यात मांस, लसूण, जिरं, केशर, खारवलेलं लिंबू, स्मेन घालून तोंड कागदाने बांधायचं आणि हमामखान्याच्या भट्टीच्या राखेत सहा-आठ तास पुरायचं. परंपरेने हे पुरुषांचं काम: सकाळी कसायाकडून भरून घ्यायचं, भट्टीवाल्याकडे ठेवायचं, संध्याकाळी उचलायचं. बऱ्याचदा गोमांस असतं, तेव्हा वरचा प्रश्न इथेही.

नाचणी

स्मेन म्हणजे काय?

वरणफळ

मीठ लावून मुरवलेलं लोणी. महिनोन्‌महिने मुरतं. आपल्या नाकाला पहिल्यांदा 'तूप खवट झालंय' असंच वाटेल. खराब नाही, तोच त्याचा गुण. अर्धा चमचा अख्ख्या पातेल्याला पुरतो. नको असेल तर 'बला स्मेन'.

खारवलेलं लिंबू म्हणजे नुसत्या मिठात महिनाभर मुरवलेलं. आपल्या मिठातल्या लिंबाच्या लोणच्याचं सख्खं भावंड. फरक असा की तिथे आतला गर बहुधा काढून टाकतात आणि साल वापरतात. त्यामुळे ताजीन आधीच खारट असतं, चाखल्याशिवाय वरून मीठ घेऊ नका.

कोरांटी

कुणाच्या घरी जेवायला बोलावलं तर (आणि बोलावतात, अगदी सहज बोलावतात) काय करायचं?

बूट गालिच्याच्या कडेला काढायचे. यजमान किंवा घरातलं पोर तास घेऊन येतं, म्हणजे तस्त आणि झारी. हात तस्तावर धरायचे, पाणी तेच ओततात. हात तस्तात बुडवायचे नाहीत. जेवण गोल मेजावर, एकाच मोठ्या थाळीत. यजमानाने 'बिस्मिल्लाह' म्हटल्याशिवाय सुरू करायचं नाही.

आता आपल्याकडच्या मंडळींना सगळ्यात जड जाणारा भाग: उष्टं. एका थाळीत सगळ्यांचे हात म्हटलं की पोटात गोळा येतो. पण त्या थाळीत न दिसणाऱ्या रेषा असतात. आपल्या पुढ्यातला त्रिकोण आपला. शेजाऱ्याच्या त्रिकोणात हात जात नाही, पलीकडचा बटाटा कितीही चांगला दिसला तरी. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं वापरायची. पावाचा लहान तुकडा मोडायचा, त्यात भाजी-रस्सा चिमटीत धरल्यासारखा उचलायचा आणि तुकडा अख्खा तोंडात टाकायचा. अर्धा खाऊन उरलेला पुन्हा बुडवायचा नाही. बोटं चाटून पुन्हा थाळीत घालायची नाहीत. म्हणजे उष्ट्याची काळजी त्यांनाही आहे, ती ताट वेगळं करून नाही तर हाताच्या शिस्तीने घेतात.

मांस मधोमध असतं. ते आपण ओढायचं नाही. भाज्या संपत आल्या की यजमान तोडून प्रत्येकाच्या पुढ्यात सरकवतो.

तरीही नको वाटलं तर 'तब्सील' (ताटली) मागा. पाहुण्याने मागितली तर कुणी रागावत नाही.

आणखी एक. आपल्याला 'पानात टाकायचं नाही' हे लहानपणापासून शिकवलेलं. तिथे थाळी चाटूनपुसून रिकामी केली तर आणखी वाढतात. शिवाय जुन्या वळणाच्या घरांत पाहुण्यांनंतर तीच थाळी आत बायकामुलांकडे जाते. त्यामुळे थाळीत उरलं तर चांगलंच. 'कूल, कूल' (खा, खा) असा आग्रह होणार. पहिल्या आग्रहाला दोन घास घ्यायचे, मग छातीवर उजवा हात ठेवून 'शबअत' (पोट भरलं) म्हणायचं. उठताना 'अल्लाह यखलफ', म्हणजे देव तुम्हाला याची भरपाई देवो. खाताना कुणी 'बस्सहा' म्हटलं तर उत्तर 'अल्लाह यअतिक सहा'.

आठवडीबाजार

उत्तम लिहिलंय. एक दुरुस्तीवजा भर: डावा हात लागलाच नाही पाहिजे असं नाही. पाव मोडायला, ग्लास सरकवायला त्याचा आधार घेतलेला चालतो. थाळीत आणि तोंडाकडे मात्र उजवाच. डावखुऱ्यांनी सरळ चमचा मागावा.

पाव जमिनीवर पडला तर पायाखाली येऊ द्यायचा नाही, उचलून उंचावर ठेवायचा. काहीजण त्याचं चुंबनही घेतात. शिळा पाव कचऱ्यात जात नाही, पिशवीत वेगळा ठेवतात, जनावरांना जातो. 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

वरणफळ

कुसकुसाबद्दल थोडं सविस्तर, कारण कुकिंग क्लास घेणारे बरेचजण इथेच गडबडतात. कुसकुस म्हणजे धान्य नाही आणि दलियाही नाही. रव्याला पाणी आणि पीठ लावून वळलेल्या बारीक गोळ्या आहेत. ते पाण्यात शिजवत नाहीत, तीनदा वाफवतात. २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत हे ज्ञान अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चारही देशांच्या नावाने गेलं, त्यामुळे 'मोरोक्कोचंच' म्हणून वाद घालू नका.

अर्धा किलो मध्यम कुसकुस, परातीत. दोन मोठे चमचे तेल चोळायचं, वाटीभर पाणी शिंपडत मोकळं करायचं. खालच्या भांड्यात रस्सा उकळत हवा, वर चाळणीसारखं भांडं, त्याचं नाव कस्कास. वाफ कुसकुसाच्या वरून दिसायला लागली की तिथून १५-२० मिनिटं मोजायची, गॅस लावल्यापासून नाही. मग परातीत उलटं करायचं, गुठळ्या फोडायच्या, मिठाचं पाणी वाटीभर, थोडं थोडं. पुन्हा १५-२० मिनिटं. पुन्हा परात, पुन्हा पाणी, पुन्हा वाफ. शेवटी दोन चमचे लोणी किंवा स्मेन.

चुका तीन. दोन भांड्यांच्या सांध्यातून वाफ निसटते, म्हणून तिथे कणकेच्या पातळ पाण्यात बुडवलेली कापडाची पट्टी गुंडाळतात. वरून झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी परत पडतं आणि लगदा होतो, म्हणून झाकायचं नाही. आणि पाणी एकदम ओतलं की बाहेर चिखल, आत कोरडं. घरी करायचं तर मोदकपात्र चालेल, मात्र खालचं पाणी चाळणीला टेकता कामा नये आणि झाकण काढून टाकायचं.

रश्श्यात गाजर, सलगम, कोबी आधी. लाल भोपळा आणि झुकिनी शेवटच्या १५-२० मिनिटांत, नाहीतर विरघळतात. चणे रात्रभर भिजवलेले. शाकाहारी रस्सा पांचट होऊ नये म्हणून वर 'त्फाया' घाला: पातळ चिरलेला कांदा, मनुका, दालचिनी, थोडी साखर, मंद आचेवर पाऊण तास, मधासारखा रंग येईपर्यंत.

आणि कुसकुसाबरोबर काय पितात? लबन. म्हणजे ताक. बिनमिठाचं, बिनजिऱ्याचं, पण ताकच.

नाचणी

ताकाचं वाचून जीव भांड्यात पडला. आता चहाचं लिहा कुणीतरी. किती गोड असतो?

आठवडीबाजार

आपल्या अमृततुल्यालाही लाजवेल इतका. 'श्विया द सुक्कर' म्हटलं तर कमी, 'बला सुक्कर' म्हटलं तर बिनसाखरेचा, पण घरी यजमानाने केलेल्या चहात हे सांगू नका. तिथे साखर हा पाहुणचाराचा भाग आहे. दुकानात चहा पाजला म्हणून गालिचा घेतलाच पाहिजे असं काही नाही, निवांत प्यावा.

कृती, चार-पाच छोट्या ग्लासांसाठी: चिनी गनपावडर ग्रीन टी (पानं वळून बारीक छर्‍यांसारखी असतात) एक मोठा चमचा, किटलीत. त्यावर ग्लासभर उकळतं पाणी, न हलवता मिनिटभर, मग ते सोनेरी पाणी ग्लासात काढून बाजूला. तो चहाचा 'रूह', म्हणजे आत्मा. पुन्हा थोडं उकळतं पाणी, या वेळी किटली खळखळून गोल फिरवायची आणि ते गढूळ पाणी फेकायचं, कडवटपणा त्यात जातो. मग रूह परत घालायचा, वर अर्धा लिटर उकळतं पाणी, मंद आचेवर उकळी. नंतर मूठभर पुदिना काड्यांसकट, ६०-७० ग्रॅम साखर. चमच्याने ढवळत नाहीत. ग्लासात ओतायचं, परत किटलीत, असं दोन-तीनदा. शेवटी उंचावरून धार, वर फेस आला पाहिजे.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पुदिना खळाखळा उकळला की काळा पडून कडू होतो. आणि पानं पाण्याच्या वर तरंगत राहिली तर करपल्यासारखी चव येते, काड्या खाली दाबाव्या लागतात. हिवाळ्यात पुदिन्याबरोबर शीबाची (एक कडू वनस्पती) काडी असते. चव आवडली नाही तर तो पुदिन्याचा दोष नव्हे.

कॉफीवाल्यांनी 'नुस-नुस' मागावी, अर्धी कॉफी अर्धं दूध.

दर्यावर्दी

बिलाचं. 'लहिसाब, अफाक' म्हटलं की बिल येतं. हिसाब म्हणजे आपला हिशोबच.

जमा अल-फ्नाच्या रात्रीच्या गाड्यांवर न मागता आलेला पाव, ऑलिव्ह, सॉस बिलात लागू शकतात. नको असेल तर लगेच परत करा, 'बश्हाल?' (केवढ्याला?) बसण्याआधी विचारा. दोन-तीन दिरहम ते दहा-बारा दिरहमचं खाणं सगळीकडे मिळतं, तेव्हा सुटे ठेवा, दोनशेची नोट स्फेंजवाल्याला देऊ नका.

एस्सौईरा या किनाऱ्यावरच्या गावी मासे वजनावर. भाव ठरवताना तीन गोष्टी एका दमात विचारा: भाजणावळ धरून का, पाव-सॅलड धरून का, आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं. बाजारातून मासे घेऊन शेजारच्या जाळीवाल्याला दिले तर सहसा स्वस्त पडतं. सार्डिन आणि शर्मूला (कोथिंबीर, लसूण, जिरं, पापरिका, लिंबू) ही जोडी सोडू नका.

फेस शहरात पास्तिया (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेली) घ्यायची तर आधी विचारून: कबुतराची की कोंबडीची. वर पिठीसाखर आणि दालचिनी असते, आत बदाम आणि मांस. गोड-मांसाचं वावडं असेल तर माशांची घ्या, तिच्यात साखर नसते.

कोरांटी

रमजानचं कुणी लिहिलं नाही. २०२७ मध्ये तो साधारण ८ फेब्रुवारीपासून महिनाभर, चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस इकडेतिकडे. दिवसा वस्तीतल्या खानावळी बंद, पर्यटकांच्या भागात काही उघड्या. मुसलमान नसलेल्या परक्यांना खायला बंदी नाही, पण रस्त्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावत फिरू नये. सूर्यास्ताच्या आगेमागे तासभर टॅक्सी मिळत नाही, सगळे फ्तूरला (उपास सोडायला) घरी. त्या वेळी हॉटेलातच रहा आणि हरिरा, खजूर, शबाकिया (मधात बुडवलेली, तीळ लावलेली तळणीची मिठाई) मागवा. मोठी ईद (बकरी ईद) मेच्या मध्यावर येते, तेव्हा दोन-तीन दिवस बरंच काही बंद.

हिंगाचा खडा

ताजीन विकत आणणाऱ्यांसाठी. रंगीबेरंगी नक्षीचं भांडं शोभेचं, त्याच्या चकाकीत शिसं असू शकतं, त्यात शिजवू नका. स्वयंपाकाला साधं, बिनचकाकीचं, जाड बुडाचं. आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, वाळवा, आतून तेल चोळा, थंड ओव्हनमध्ये ठेवून १५० अंशांवर दोन तास, मग ओव्हनमध्येच गार होऊ द्या. गॅसवर खाली लोखंडी जाळी किंवा तवा हवाच. गरम भांड्यात गार पाणी घातलं की तडा गेलाच. इंडक्शनवर तापणार नाही.

कोकमसरबत

बायकांच्या घोळक्यात कुणी रफीसा वाढली तर आवर्जून खा (मांस खात असाल तर). फाडलेलं म्समेन, मसूर, कोंबडी आणि भरपूर मेथीदाणे. बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी देतात. मेथीला ते 'हल्बा' म्हणतात. आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू, तिकडे मेथीचा रस्सा. शाकाहाऱ्यांनी सल्लू शोधावं: भाजलेलं पीठ, बदाम, तीळ, लोणी, मध. तेही बाळंतिणीचं आणि रमजानचं.

नाचणी

सगळ्यांचे आभार. घरी बोलावलं तर हातात काय न्यायचं?

आठवडीबाजार

साखर. गंमत नाही, खरंच. निळ्या कागदातला शंकूच्या आकाराचा दोन किलोचा साखरेचा गड्डा, 'क़ालेब', कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. लग्न, बारसं, साधी भेट, सगळीकडे चालतो. नाहीतर फळं किंवा मिठाईचा डबा. दारू कधीच नाही.

फळं घेताना एक लक्षात ठेवा: 'लिमून' मागितलं तर संत्री मिळतील. लिंबाला तिथे 'हामद' म्हणतात.